मास्तरला बाकावर बसव

"हे शेवटचं वाक्य काढ," तौसिफ म्हणाला.

जर्सीवर नंबर छापायचं त्याचं मशीन तापलं होतं. दुकानभर जळक्या रबराचा वास होता. मी दाराजवळच्या स्टुलावर बसून फोनवर त्या आठवड्याचा सल्ला लिहीत होतो आणि तो एका हातानं मशीन दाबून धरत, मान वाकडी करून माझ्या स्क्रीनमध्ये बघत होता.

बाहेर: पोपट. मांडी आखडली आहे, दोन आठवडे तरी बसतोय.
आत: लवंगी. पुढच्या तिन्ही मॅच सोप्या.
कॅप्टन: बगळा. घरचं मैदान, समोरचा बचाव म्हणजे चाळण. डोळे झाकून.
आणि हे वाचत असशील तर मास्तरला बाकावर बसव.

"मास्तरला?" तौसिफ म्हणाला. "मर्दा, मास्तर सध्या दर मॅचला गोल लावतोय. लोकं खरंच बसवतील आणि रविवारी माझ्या दुकानावर दगड मारतील."

"लोकांसाठी नाहीये ते."

"चार हजार लोकं वाचतात."

"एकानं वाचलं की झालं."

त्यानं मशीनचं झाकण उचललं, जर्सी झटकली, पाठीवरचा नंबर सरळ आलाय का बघितलं.

"घरात सांगितलंयस?"

"आबांनीच सांगितलंय असं काहीतरी लिही म्हणून. त्यांना खात्री पाहिजे."

"आणि त्यानं नाही बसवला मास्तरला, तर?"

तौसिफनं दुसरी जर्सी मशीनवर पसरली.

"टाक मग," तो म्हणाला.

*

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी नियम.

इंग्लंडातली लीग खरी. तिच्यातले पंधरा खेळाडू निवडून आपण आपला एक खोटा संघ करायचा. ते खेळाडू खरे गोल मारतात आणि गुण आपल्या खोट्या संघाला मिळतात. दर आठवड्याला एकाला काढून दुसऱ्याला घेता येतं. अकरा खेळवायचे, चौघे बाकावर बसवायचे, बाकावरच्यांचे गुण मिळत नाहीत. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे दुप्पट. बहुतेक शनिवारी दुपारी साडेचारला खिडकी बंद होते. कुणी काय बदललं ते त्यानंतर सगळ्यांना दिसतं, त्याआधी कुणालाच नाही.

आणि तुम्ही काहीच बदललं नाही, तर गेल्या आठवड्याचाच संघ पुढं चालू राहतो. गुण मिळत राहतात. तुम्ही झोपलेले असा, तापानं फणफणलेले असा, किंवा

एवढे नियम पुरे.

*

धैर्यशील माझा थोरला भाऊ. जुलैतल्या एका सकाळी "मैदानावर जाऊन येतो" म्हणून बाहेर पडला आणि आला नाही. फुटबॉलचे बूट घेऊन गेला. फोन बंद. त्याआधी वर्षभर त्याला झोप नव्हती. जेवायला बसला की घास हातात तसाच राहायचा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यानं मधेच सोडल्या होत्या, हे आम्हाला नंतर त्याच्या उशीखाली सापडलेल्या पाकिटांवरून कळलं. पंचगंगेचा काठ बघून झाला, नातेवाईक बघून झाले, सांगलीपासून पुण्यापर्यंतची इस्पितळं बघून झाली.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. इथं पेठेपेठेत तालीम असते आणि तालमीचा फुटबॉल संघ असतो, आणि तालमीची मॅच हरली की घरात चूल पेटत नाही. आमचे वडील, आबा, एकेकाळी तालमीच्या संघात बचावाला खेळायचे. धैर्या गोलकीपर. पण दुसरा गोलकीपर. नऊ हंगाम तो बाकावर बसून होता. पहिला गोलकीपर कधी आजारी पडलाच नाही.

या फँटसी खेळाचं वेड त्यानंच घरात आणलं. फोनवर सल्ल्याचं चॅनेल मी आणि माझा मित्र तौसिफनं काढलं, पण खेळाडूंना टोपणनावं देणारा तो. त्या लांबलचक नावांच्या गोऱ्या-काळ्या माणसांना आमचं चॅनेल कधीच खऱ्या नावानं हाक मारत नसे. उंच, बारीक पायांचा तो बगळा. बुटका, चपळ तो लवंगी. पंचाशी हुज्जत घालणारा तो भोंगा. मैदानाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना हातवारे करणारा तो मास्तर. माझा सल्ला मात्र धैर्यानं कधीच ऐकला नाही. "इंद्या जे सांगेल त्याच्या बरोबर उलटं करायचं," हे तो सगळ्यांसमोर बोलायचा, आणि तसंच करायचा, आणि दर वर्षी माझ्या वर असायचा.

त्याच्या संघाचं नाव होतं 'बाकावरचा'. जाण्याआधीच त्यानं तो तयार करून ठेवला होता. ऑगस्टात हंगाम सुरू झाला तेव्हा आमच्या मित्रमंडळींच्या यादीत ते नाव दिसलं आणि मी नजर फिरवली. दुसऱ्या शनिवारी पुन्हा बघितलं. त्यानं कॅप्टन बदलला होता.

मी जिन्यात बसून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. आबा वरून धावत आले, त्या दुखऱ्या गुडघ्यांनी.

पोलीस ठाण्यात हवालदारानं फोन हातात घेऊन बघितला. "गेममध्ये पत्ता दिसतो काय?"

"नाही."

"नंबर?"

"नाही."

"मग?"

गेमच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आपण खेळाचा आनंद घेत आहात हे वाचून आम्हाला बरं वाटलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात शनिवार सोडून दुसरा वार उरला नाही. साडेचारनंतर मी पान उघडायचो. धैर्यानं काही बदललेलं असलं, की तो आहे. एवढंच. कुठं आहे, कसा आहे, काय खातो, काही नाही. आहे.

*

मास्तरच्या त्या शनिवारी आबा कॉटवर बसले होते, हात मांडीखाली दाबून. आई खिडकीजवळ साडीला फॉल लावत होती. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना पिको-फॉल करणं हे तिचं काम, आणि ती मशीनवरून क्वचितच मान वर करायची.

"उघडलं काय?" आबा.

"फिरतंय अजून."

"तुमचं ते नेट."

पान उघडलं. बगळा कॅप्टन नव्हता, म्हणजे माझं नेहमीसारखं ऐकलेलं नव्हतं. खाली बाकावर चार चेहरे. त्यातला तिसरा मास्तर.

"बसवलाय," मी म्हणालो.

"बघू. कुठं? दाव मला." आबांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. "हा? हा काय बाकावरचा? चांगला खेळणारा काय हा?"

"सगळ्यांत चांगला."

"आणि बसवला." ते हसायला लागले. "खुळं हाय ते. नुसतं खुळं. ऐकतंय बघ पण. आपलं ऐकतंय." मग ते उठले आणि स्वतः जाऊन भाकरीचं टोपलं उघडलं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी.

आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं होतं. माझ्याकडं बराच वेळ बघत होती.

"छान केलंस," ती म्हणाली.

मला वाटलं, सल्ल्यात ते वाक्य घातलं म्हणून म्हणतेय.

मास्तरनं त्या दिवशी दोन गोल मारले. धैर्याला त्याचा एकही गुण मिळाला नाही. चॅनेलवर मला ज्या शिव्या मिळाल्या त्या मी आनंदानं वाचल्या.

*

बाहेर: कुणी नाही.
आत: कुणी नाही. या आठवड्यात हातची संधी जपून ठेवा, पुढं लागेल.
कॅप्टन: लवंगी.
दिवाळीच्या सगळ्यांना शुभेच्छा. सगळ्यांना.

*

भाऊबीजेच्या शनिवारी त्यानं काही बदललं नाही.

एखादा आठवडा लोक सोडतात. मीच तसं लिहिलं होतं. आबांना मी हे चार वेळा समजावून सांगितलं. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि ताटावरून उठायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी आंघोळही सोडली. बाहेरच्या कट्ट्यावर बसून ते गल्लीच्या तोंडाकडं बघत राहायचे. आई त्यांना आत बोलवायची नाही. तीही दारात उभी राहायची, पण तिचं बघणं आबांकडं असायचं.

पुढच्या शनिवारी बदल होता. बाहेर मी सांगितलेला, आत मी सांगितलेला, कॅप्टन मी सांगितलेला.

"माझं ऐकलं त्यानं!" मी म्हणालो. "पहिल्यांदा! जसंच्या तसं."

"नरमलंय," आबा म्हणाले. त्यांनी दाढी करायला पाणी मागितलं. "नरमलंय ते. आता येणार बघ. आधी ऐकायला लागतंय माणूस, मग येतंय."

त्यापुढच्याही आठवड्यात तसंच. त्यापुढच्याही. मी बगळा म्हटलं की बगळा. मी सल्ल्यात जास्त जीव ओतायला लागलो. आकडे बघायचो, परदेशातल्या बातम्या वाचायचो, कामावर, फाउंड्रीत, जेवणाच्या सुट्टीत कुणाचा गुडघा कसा आहे ते शोधत बसायचो. वाटायचं, मी एकेक पायरी खाली सोडतोय आणि तो एकेक पायरी वर चढतोय.

आईसुद्धा विचारायला लागली होती. फॉल लावता लावता, दोरा दातानं तोडत. "लवंगी म्हणजे तो बुटका काय रे? त्याचं खरं नाव काय?" मी फोनवर फोटो दाखवायचो. ती चष्मा लावून नाव एकेक अक्षर लावत वाचायची. लेकाचं वेड आईला लागलं, असं मी तौसिफला सांगितलं.

तौसिफ हसला नाही.

"इंद्या, एक बोलू?"

"बोल की."

"धैर्या तुझं ऐकतोय?"

"बघतोयस की तू पण."

"बघतोय म्हणूनच विचारतोय. मर्दा, तुझा भाऊ आहे तो. तू 'पाऊस पडतोय' म्हणालास तर तो छत्री मिटणारा. त्यानं सलग इतके आठवडे तुझा कॅप्टन केला?"

"माणूस बदलतोय."

"बदलतोय," तो म्हणाला. मशीन तापायची वाट बघत उभा राहिला. "किंवा त्याचं खातं दुसरं कोणतरी चालवतंय."

मला त्याच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. मी स्टुलावरून उठलोसुद्धा. मग बसलो, कारण तो विचार तौसिफच्या तोंडून येण्याआधी कधीतरी माझ्या डोक्यात येऊन गेला होता आणि मी त्याला आत घेतलं नव्हतं.

"एकदा खुळ्यासारखं काहीतरी लिही," तौसिफ म्हणाला. "इतकं खुळं, की ज्यानं एक मॅच बघितलीय तो ऐकणारच नाही. धैर्या असला तर हसेल आणि सोडून देईल."

त्या रविवारी भोंग्याचा पाय मोडला होता. पडद्यावर सगळ्या जगानं बघितलं होतं. नडगी मधेच वाकली, पंचानंसुद्धा तोंड फिरवलं. सगळा हंगाम संपला होता त्याचा. गेममध्ये त्याच्या नावापुढं लाल खूण आली होती.

*

बाहेर: बगळा.
आत: भोंगा.
कॅप्टन: भोंगा. डोळे झाकून. लाल खुणेकडं लक्ष देऊ नका.

*

भावा, पिऊन लिहिलंस काय?

भोंग्याचा पाय मोडलाय, अॅडमिनचं डोकं.

प्लास्टरला किती गुण असतात?

तौसिफभाई, ह्याला दुकानातनं हाकला राव. जर्सी आम्ही दुसरीकडं छापू.

कुणाला बगळा काढायला सांगतोस? घरात सगळं ठीक हाय न्हवं?

*

घरात गुरुवारी आईनं विचारलं होतं, "भोंगा म्हणजे रे कुठला?" मी भाजीत बोट घालून चव बघत होतो. नाव सांगितलं आणि कामावर गेलो. एवढंच झालं होतं.

शनिवारी मी दुकानातच थांबलो. घरी आबांच्या समोर उघडायचं धाडस नव्हतं. तौसिफनं शटर अर्धं ओढलं. साडेचार वाजून गेले, पान फिरत राहिलं. मग उघडलं.

बगळा गेला होता. भोंगा आला होता. त्याच्या सदऱ्यावर कॅप्टनचा काळा गोल आणि त्याला लागून लाल खूण.

तौसिफनं बघितलं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"घरी जा," तो म्हणाला.

*

मी उशिरा येणार म्हटल्यावर आबा तालमीची मॅच बघायला स्टेडियमवर गेले होते. आई मशीनवर होती. निळी साडी, तिला पांढरा फॉल दिसत होता, म्हणजे साडी उलटी धरली होती की काय, मला तेवढंच आठवतं नीट. मी चप्पल काढली. पाणी प्यायलो. कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. कुणीतरी त्याचं खातं पळवलंय, असं सांगायचं ठरवलं होतं. कुणीतरी परका.

"लवकर आलास," आई म्हणाली. मशीन चालूच होतं. "भोंग्यानं मारला काय गोल?"

"भोंगा खेळत नाहीये, आई."

"का?"

"त्याचा पाय मोडलाय. रविवारीच."

चाक थांबलं.

"असं कसं?" ती म्हणाली. "तू लिहिलंवतंस की."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"तू करतेस?" मी विचारलं.

तिनं साडी घडी घातली. नीट, काठाला काठ लावून. मग बाजूला पडलेला आपला फोन उचलून मला दिला. हिरवं मैदान, त्यावर अकरा सदरे, वर 'बाकावरचा'.

"जायच्या आधी, जुलैच्या सुरुवातीला त्याचा फोन बिघडला होता. तेव्हा माझ्यात उघडलं होतं त्यानं. तसंच राहिलंय."

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर. आबा जेवेनात. तू बघितलंस की, कसे झाले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला काय सांगायचं त्यात?" तिला माझा प्रश्न कळलाच नाही असं दिसलं. "तू थांबवलंस. दमला असशील म्हटलं. नोकरी करून, लिहून, परत ते. म्हटलं, आता आपण करावं. तुझ्यासारखं डोकं नाही मला, म्हणून तू लिहितोस तेच घालत होते."

"मी काय थांबवलं?"

"त्याआधी तू करत होतास की."

"मी?"

"मास्तरला बसव म्हणून तूच लिहिलंस आणि तूच बसवलास. आबांना बरं वाटावं म्हणून. मला काय कळत नाही काय? पहिल्या दिवसापासून कळलंय. छान करत होतास."

मी खाली बसलो. फरशी गार होती.

"आई, तो मी नव्हतो."

"बरं, नसशील."

"आई. मी नाही केलं ते. माझ्याकडं त्याचं काही नाही. मी कधीच हात लावला नाही. मास्तरला त्यानंच बसवला. ऑगस्टपासून त्यानंच केलं सगळं."

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी खोटं बोलताना कसा दिसतो ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती ते शोधत होती. सापडलं नाही.

"म्हणजे दिवाळीपर्यंत तो होता?"

"होता."

"कुठंतरी बसून, तू लिहिलेलं वाचत होता?"

"हो."

"मी तर त्याला जुलैतच..." ती म्हणाली.

मशीनच्या सुईखालचा लोखंडी पाय तिनं उगाच वर केला, खाली केला.

"अख्ख्या घरात मीच एकटी त्याची वाट बघत नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं शनिवारी नाचायचा. मी म्हणायचे, नाचू देत. तुमच्यासाठी भाकऱ्या थापायचे. तो जिवंत होता आणि मी त्याच्यासाठी एक भाकरी जास्त टाकली नाही."

"तुला माहीत नव्हतं."

"आणि नंतर?" तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारावा तसा. "मी हात लावायला लागल्यावर तो परत आला असेल काय रे? उघडून बघितलं असेल काय?"

"माहीत नाही."

"आला असता तर त्याला दिसलं असतं? कुणीतरी बदलतंय ते?"

"दिसलं असतं."

"मग काय वाटलं असेल त्याला?"

"घरातलं कुणीतरी करतंय."

"की आपल्यावाचून चाललंय ह्यांचं," आई म्हणाली.

मी तिला सांगितलं नाही, पण मला तेव्हाच दुसरंही कळलं होतं. तो आला असता आणि त्यानं काही बदललं असतं, तरी शनिवारी साडेचारच्या आत आईनं त्यावर माझा सल्ला चढवला असता. आम्ही त्याला पुसून टाकलं असतं आणि संध्याकाळी आनंदानं जेवलो असतो. तसं झालं असेल. एकदा झालं असेल, दर आठवड्याला झालं असेल. झालंच नसेल. हे कळायचा कुठलाही मार्ग जगात नाही.

*

तो अजून आलेला नाही. हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी दाराकडं कान लावून बसू नये. बरीच वर्षं झाली. पोलिसांतली फाइल बंद नाही आणि उघडीही नाही.

*

आम्ही दोघांनी ठरवलं की आता कुणी हात लावायचा नाही. संघ त्याच्यासाठी मोकळा सोडायचा. आलाच, तर त्याच्या बोटांचा ठसा उमटायला जागा पाहिजे.

सल्ला मात्र मी लिहिला. लोकांची माफी मागितली, बगळा परत घ्यायला सांगितला. खाली एक ओळ घातली: हे वाचत असशील तर भोंग्याला काढ. फक्त त्याला काढ.

शनिवारी आबा कॉटवर बसले. आई मशीन झाकून माझ्याशेजारी येऊन बसली, ती आधी कधी बसायची नाही. साडेचार. पान फिरलं, उघडलं. भोंगा होता. लाल खूण, काळा गोल.

"काय केलंय त्यानं?" आबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. माझ्याकडं खोटं तयार होतं. चांगलं खोटं होतं.

"काही नाही केलं," आई म्हणाली.

आबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आम्ही दोघं कसे बसलो होतो त्यावरून त्यांना किती कळलं, मी सांगू शकत नाही. बचावाला खेळलेला माणूस. समोरच्याच्या खांद्यावरून चेंडू कुठं जाणार ते ओळखणारा.

"एखादा आठवडा सोडतंय माणूस," ते म्हणाले.

"होय," आई म्हणाली.

मग आम्ही जेवलो. तिघंही जेवलो. एक भाकरी जास्त होती.

पुढच्या शनिवारी काही नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी काही नाही. मोडक्या पायाच्या कॅप्टनला घेऊन 'बाकावरचा' खेळत राहिला. कुणी सांभाळत नसलेल्या त्या संघाला गुण मिळतच होते. मास्तर गोल मारायचा, लवंगी मारायचा. गेमला काही फरक पडत नव्हता. मी अजून आकडे बघत होतो, गुडघे शोधत होतो, दर आठवड्याला डोकं खपवून बदल करत होतो, आणि मार्चमध्ये एके दिवशी यादी उघडली तर तो माझ्या वर गेला होता.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"पुढं गेलाय माझ्या," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते मला परत घ्यावं लागलं. "तसं नाही, आबा. आपोआप. त्यानं नाही केलं काही."

"आपोआप," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी शनिवारी विचारणं सोडून दिलं. कॉटवर बसायचे, पण पाठ करून.

*

मेमध्ये हंगाम संपला. जूनअखेरीस गेमनं सगळे जुने संघ पुसले. दर वर्षी पुसतो. प्रत्येकानं नव्यानं आत यायचं, नवा संघ करायचा, नाव द्यायचं.

आईच्या फोनवरचं हिरवं मैदान गेलं. त्याच्या जागी दोन चौकटी आल्या. वरच्या चौकटीत धैर्याचा ईमेल आधीच भरलेला होता. खालची रिकामी होती.

"हे काय मागतंय?"

"पासवर्ड. त्यानं ठेवलेला. तो घातल्याशिवाय आत जाता येणार नाही."

"तुला माहीत आहे?"

"नाही."

"काय ठेवत असतील लोकं?"

"काहीही. बहुतेक लोक जवळच्या कुणाचंतरी नाव ठेवतात."

तिनं चष्मा लावला. खिडकीकडं सरकली, उजेड फोनवर येईल अशी. इंग्रजी अक्षरं तिला शोधावी लागत, एकेक शोधून तिनं आधी स्वतःचं नाव घालून बघितलं. मग आबांचं. मग माझं.

यातलं एकही नव्हतं.